आईचं माळवद आणि न्यू मेक्सिकोतले सहा दिवस

आई जूनमध्ये डॅलसला आली तेव्हाच सप्टेंबरच्या सहलीची यादी माझ्याकडे तयार होती. ग्रँड कॅन्यन, सेडोना, अँटिलोप कॅन्यन. आईचं वय ६८, गुडघे दुखरे, म्हणून कुठे बसायला बाकडी आहेत, कुठे पायऱ्या नाहीत, हेही लिहून ठेवलं होतं. एका रात्री मी लॅपटॉपवर हॉटेलं बघत बसले होते आणि ती पाणी प्यायला उठली. पडद्यावर सहज उघडलेला ताउस प्वेब्लो ह्या न्यू मेक्सिकोतल्या मातीच्या गावाचा फोटो होता. ती आत जाऊन चष्मा लावून आली आणि म्हणाली, "हे कुणाचं माळवद गं?"

आईचं माहेर बार्शीजवळचं. ती माळवदाच्या घरात जन्मली, तिथंच वाढली. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर किलचं म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. दर उन्हाळ्यात, मिरगाच्या आधी तो थर नवा करायचा. मामा आता शेतातल्या नव्या घरात राहतो, जुन्या घराला कुलूप आहे. ताउसचा तो फोटो आईनं बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "इथं माणसं राहतात का नुसतं दाखवायला ठेवलंय?" राहतात, म्हटल्यावर म्हणाली, "मग हेच दाखव मला." यादी बदलली.

न्यू मेक्सिको ह्या अमेरिकेतल्या राज्यात १९ प्वेब्लो आहेत. 'प्वेब्लो' हा स्पॅनिश शब्द, अर्थ गाव. हे लोक इथे स्पॅनिश यायच्या कित्येक शतकं आधीपासून गावं वसवून मका, घेवडा आणि भोपळा पिकवत राहिलेत. प्रत्येक प्वेब्लोचं सरकार वेगळं, नियम वेगळे. काही ठिकाणी मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही, काही ठिकाणी फोटोच काढता येत नाहीत, आणि धार्मिक कामासाठी कुठलंही गाव बाहेरच्यांना त्या दिवसापुरतं बंद होऊ शकतं. ताउस तर हिवाळा संपता संपता दहाएक आठवडे बंद असतं. म्हणून आधी त्या त्या गावाला फोन करायचा, मग हॉटेल ठरवायचं. आईसाठी दुसरी काळजी उंचीची. अल्बकर्की साधारण ५,३०० फुटांवर, सान्ता फे आणि ताउस सात हजारांच्या आसपास. पहिल्या दोन रात्री अल्बकर्कीत काढायच्या आणि मगच वर चढायचं, असं ठरवलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे गरम हवेच्या फुग्यांचा महोत्सव असतो, त्या दिवसांत खोल्यांचे भाव चढतात. म्हणून सप्टेंबरचा मधला आठवडा घेतला.

दिवस १ : अल्बकर्की

विमानतळावरून गाडी घेऊन निघालो आणि एका दुकानासमोरच्या सिग्नलला आईला ठसका लागला. काच खाली केली तर खमंग जळका वास. "मिरच्या भाजतायत," ती म्हणाली. दुकानाच्या वाहनतळात जाळीचं मोठं पिंप गॅसच्या ज्वाळांवर गरागरा फिरत होतं, आत पोतंभर हिरव्या मिरच्या, सालं काळी होऊन उडत होती. इथे ऑगस्ट-सप्टेंबरात घरोघरी अशा भाजलेल्या मिरच्या वर्षभरासाठी भरून ठेवतात. आई उतरून पाच मिनिटं बघत राहिली. प्रवासाचा शीण तिथेच गेला असावा.

दुपारी इंडियन प्वेब्लो कल्चरल सेंटरला गेलो. हे केंद्र १९ प्वेब्लोंनी मिळून १९७६ मध्ये उभारलं, आजही त्यांच्याच मालकीचं आहे. ते आधी पाहिलं हे फार बरं झालं, कारण 'प्वेब्लो लोक' म्हणजे एकच जमात ही माझी समजूत तिथे पुसली गेली. भाषाच पाच आहेत: केरेस, तिवा, तेवा, तोवा आणि झुनी. झुनीचं तर दुसऱ्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. आई मात्र काचेतल्या पाट्या-वरवंट्यापाशी अडकली. मका दळायचा दगड, मधोमध झिजून खोलगट झालेला. "किती बायांचे हात लागले असतील," एवढंच म्हणाली.

शाकाहारी मंडळींसाठी एक सांगून ठेवते. इथला लाल मिरचीचा रस्सा बऱ्याचदा मांसासोबत शिजवलेला असतो, पोसोले नावाच्या मक्याच्या कालवणात डुकराचं मांस असतं, आणि शिजवून घोटलेल्या घेवड्यात चरबी असू शकते. प्रत्येक ठिकाणी विचारायचं. आईनं त्या रात्री निळ्या मक्याच्या पोळीवर हिरवी मिरची आणि चीज घेऊन खाल्लं, आणि ते तिला आवडलं.

दिवस २ : ॲकोमा

अल्बकर्कीहून पश्चिमेला साठेक मैल. हमरस्ता सोडला की पिवळ्या फुलांची झुडपं, लालसर कडे आणि आभाळ. एका वळणावर खालचं खोरं उघडं पडलं आणि त्यात सुटे उभे असलेले सपाट माथ्याचे खडक दिसले. त्यातल्याच एकावर ॲकोमा आहे, पायथ्यापासून ३६७ फूट उंच. निदान बाराव्या शतकापासून इथे सलग वस्ती आहे.

पायथ्याशी त्यांचं सांस्कृतिक केंद्र आहे. तिथे नाव नोंदवायचं, फोटोचा परवाना घ्यायचा, व्हिडिओ चालत नाही. छोट्या बसनं वर नेतात. पूर्वी वर जायला खडकात खोदलेल्या पायऱ्या आणि हात रोवायच्या खोबणी एवढीच वाट होती, गाडीरस्ता विसाव्या शतकातला. आमची मार्गदर्शक ॲकोमाचीच, चाळिशीतली. तिनं पहिल्यांदा सांगितलं ते हे: "ही आमची घरं आहेत. दारातून आत डोकावू नका, शिडीला हात लावू नका, किवाबद्दल मला विचारलंत तरी मी सांगणार नाही." किवा म्हणजे त्यांच्या धर्मविधींची खोली. तिचा सूर तुसडा नव्हता. मी आईला भाषांतर करून सांगितलं, तशी आईनं चटकन पदर खांद्यावर घेतला, परक्याच्या घरी पाऊल टाकताना घेते तसा.

वर वीज नाही, नळ नाही. पावसाचं पाणी खडकातल्या नैसर्गिक टाक्यांमध्ये साठतं. बाराही महिने वर राहणारी कुटुंबं मोजकीच, बाकीचे खालच्या गावांतून राहतात आणि सणावारी वर येतात. घरं दोन-तीन मजली, दगड आणि माती. तुळयांची टोकं भिंतीबाहेर आलेली. आई हळूहळू चालत होती आणि प्रत्येक घराशी नजर वर करून छपराचा काठ बघत होती. "पन्हाळी बघ," ती म्हणाली. लाकडाच्या पन्हाळी भिंतीपासून चांगल्या हातभर पुढे काढलेल्या होत्या. "पाणी भिंतीवर ओघळलं की भिंत खाल्ली म्हणून समज. आप्पा ह्याच्यावरून गवंड्याशी भांडायचे." आप्पा म्हणजे माझे आजोबा.

सान एस्तेबान देल रेय हे वरचं चर्च १६२९ मध्ये बांधायला घेतलं. त्याच्या छताच्या प्रचंड तुळया तीस-चाळीस मैलांवरच्या माउंट टेलरवरून ॲकोमाच्या लोकांकडून वाहून आणवल्या. चर्चसमोर दफनभूमी आहे. खडकावर माती कुठली, म्हणून तीसुद्धा टोपल्या टोपल्यांनी खालून वर वाहिलेली. तिथे आणि चर्चमध्ये फोटो काढायचे नाहीत. चर्चच्या आधीची गोष्ट मार्गदर्शकानं आवाज न चढवता सांगितली. जानेवारी १५९९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर ओन्यातेच्या फौजेनं हे गाव तीन दिवसांच्या लढाईत उद्ध्वस्त केलं, सुमारे ८०० माणसं मेली. पकडलेल्यांपैकी पंचविशीच्या वरच्या पुरुषांना एक पाय तोडण्याची आणि वीस वर्षं गुलामीची शिक्षा ठोठावली. पुढे १६१४ मध्ये ओन्यातेवरही क्रूरपणाचा गुन्हा शाबीत झाला आणि त्याला न्यू मेक्सिकोतून हद्दपार केलं. "आणि आम्ही इथे परत आलो," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

एका दाराशी मातीची भांडी मांडून एक आजी बसल्या होत्या. ॲकोमाची भांडी पातळ भिंतींसाठी नावाजलेली. इथे चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उठवतात. भांडं तडकू नये म्हणून नव्या मातीत जुन्या फुटक्या भांड्यांची पूड मिसळतात. वर पांढरा लेप, आणि त्यावर युक्का ह्या तिथल्या रानझाडाच्या पात्याच्या कुंचल्यानं काढलेल्या काळ्या रेघा, केसासारख्या बारीक. आजींनी एक वाटी आईच्या तळहातावर ठेवली आणि नखानं टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. आईनंही टिचकी मारून पाहिली. उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना मारते तशीच. दोघी हसल्या, भाषेची गरज पडली नाही. ती वाटी आम्ही घेतली. भाव केला नाही, आईनंच मला खुणेनं गप्प केलं.

परतीच्या वाटेवर मार्गदर्शक म्हणाली की ॲकोमात घर आईकडून लेकीकडे जातं, सगळ्यांत धाकट्या लेकीकडे. आईनं मला ते दोनदा सांगायला लावलं. मग बसमध्ये बराच वेळ गप्प होती. खाली उतरल्यावर म्हणाली, "मी हक्कसोडावर सही केली ना, ती त्याच घराच्या ओसरीवर बसून. भावाला नको कसं म्हणायचं? पण सही करताना तुळई मोजत होते. सात होत्या." हे तिनं मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

दिवस ३ : सान्ता फे

सकाळी वाटेवरच्या एका प्वेब्लोत थांबायचं ठरलं होतं. आठवड्यापूर्वी फोन केला होता, पण निघताना पुन्हा विचारायचं राहून गेलं. फाट्यावर पाटी होती: आज गाव पाहुण्यांसाठी बंद. मी चिडले. चूक माझी होती आणि दीड तास वाया गेला होता. आई शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं मरीआईचा गाडा काढायचे त्या दिवशी परका माणूस वेशीतून आत घ्यायचे नाहीत. तसंच काही असंल. चल, गाडी वळव." मी वळवली.

सान्ता फेत पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स ही १६१० ची इमारत आहे, तीही मातीचीच. तिच्या लांबलचक ओसरीत मूळनिवासी कारागीर भिंतीला पाठ लावून ओळीनं बसतात, पुढ्यात अंथरलेल्या कापडावर चांदी, फिरोजा, मातीची भांडी. माल स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातचा असावा लागतो. ही जागा मला एरवी नुसती बाजाराची वाटली असती, पण ह्याच इमारतीत १६८० मध्ये स्पॅनिश गव्हर्नर वेढ्यात अडकला होता. ओके ओविंगे ह्या प्वेब्लोच्या पोपे नावाच्या धर्मपुढाऱ्यानं बहुतेक प्वेब्लोंना एकाच दिवशी उठाव करायला लावला. गावागावांत शेकडो मैलांचं अंतर, भाषा वेगळ्या. म्हणून धावपटूंच्या हाती गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. दोन धावपटू पकडले गेले, तेव्हा दिवस अलीकडे ओढून १० ऑगस्टला उठाव झाला. स्पॅनिश सत्ता बारा वर्षं इथून नाहीशी झाली. १६९२ मध्ये ते परतले, पण प्वेब्लोंचे धर्मविधी, भाषा आणि जमिनी आज जेवढ्या टिकल्या त्यात त्या बारा वर्षांचा मोठा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं. आईनं रात्री तिच्या जपमाळेची गाठ चाचपून बघितली आणि विचारलं, "पोरं किती वर्षांची असतील गं पळणारी?"

दिवस ४ : बँडेलिअर

मऊ ज्वालामुखी खडकाच्या कड्यात कोरलेल्या खोल्या. आई खालच्या सपाट वाटेनं फिरली. मी एका शिडीवरून आत जाऊन आले आणि तिला फोनवर फोटो दाखवले: आतल्या भिंतीला मातीचा गिलावा, छताला चुलीची काजळी. इथल्या लोकांचे वंशज कोचिती आणि सान इल्देफोन्सोसारख्या प्वेब्लोंत आजही राहतात. ह्या पूर्वजांना 'अनासाझी' म्हणायचे, आणि 'अनासाझी नाहीसे झाले' असं पूर्वीच्या पुस्तकांत असायचं. तो शब्दही त्यांचा नव्हे, नवाहो ह्या दुसऱ्या जमातीच्या भाषेतला, आणि नाहीसं कुणी झालं नाही. दुपारी आईला धाप लागली, डोकं जड झालं. हॉटेलवर परतून भरपूर पाणी आणि झोप. बाकीचा बेत सोडला.

दिवस ५ : ताउस

सान्ता फेपासून सत्तरेक मैल, बराचसा रस्ता रिओ ग्रांदेच्या काठानं. ताउसच्या अलीकडे रांचोस दे ताउसचं सान फ्रान्सिस्को दे आसिस चर्च लागतं. ते प्वेब्लोचं नव्हे, स्पॅनिश वंशाच्या गावकऱ्यांचं. मागच्या बाजूचे त्याचे मातीचे धिरे पोत्यांच्या थप्प्यांसारखे फुगीर आहेत. १९६७ मध्ये दरवर्षी लिंपायचा त्रास वाचावा म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा दिला. सिमेंटला भेगा पडल्या, पाणी आत गेलं, बाहेर पडायला वाट मिळेना आणि आतली माती भिजून ढासळू लागली. शेवटी १९७९ मध्ये सगळं सिमेंट उतरवून पुन्हा माती चढवली. तेव्हापासून गावकरी दर जूनमध्ये जमतात आणि हातानं चर्च लिंपतात.

मी हे आईला वाचून दाखवलं आणि ती तिथल्या बाकावर बसलीच. "तुझ्या मामानं हेच केलं. गळतंय म्हणून वर सिमेंटचा कोबा. चार पावसाळे बरं वाटलं. मग आतनं किलचं कुजली." ती उठून भिंतीजवळ गेली. मातीत काडाचे तुकडे चकाकत होते आणि एका ठिकाणी लिंपणाऱ्या हाताच्या तळव्याचा गोल फराटा सुकून राहिला होता. आईनं हात लावला नाही, पण त्या फराट्यावरून हवेतच तळवा फिरवला, डावीकडून उजवीकडे. "उजव्या हाताची बाई होती," म्हणाली.

ताउस प्वेब्लो तिथून काही मैलांवर. १९९२ पासून जागतिक वारसा. पण वेशीतून आत गेल्यावर पहिल्यांदा दिसतो तो ओढा. गावाच्या मधोमध वाहणारं पाणी, अलीकडे दक्षिणेचं घर, पलीकडे उत्तरेचं, चार-पाच मजल्यांच्या उतरंडी रचल्यासारखे मातीचे चौकोन, मागे निळा डोंगर. तटबंदीच्या आत आजही वीज आणि नळ नाहीत, लोकांनी ते मुद्दाम ठेवलेलं आहे. एक माणूस ओढ्यातून बादली भरून नेत होता. पूर्वी खालच्या मजल्यांना दारं नव्हती, शिडीनं छपरावर जायचं आणि तिथून आत उतरायचं. शत्रू आला की शिडी वर.

ओढा येतो तो ब्लू लेकमधून. हे सरोवर त्यांचं परमपवित्र स्थान. १९०६ मध्ये सरकारनं ते आजूबाजूच्या जंगलासकट राष्ट्रीय वनात घेतलं. ताउसच्या लोकांनी पैशाची भरपाई नाकारली आणि जागाच मागत राहिले. १५ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ४८,००० एकर परत देण्याच्या कायद्यावर सही केली. चौसष्ट वर्षं.  तिथे बाहेरच्या कुणाला जाता येत नाही, आणि जाता येऊ नये असंच मला वाटतं.

दफनभूमीत जुन्या चर्चचा फक्त घंटेचा मनोरा उभा आहे. अमेरिकन सत्तेविरुद्धच्या १८४७ च्या उठावात लोक ह्या चर्चमध्ये आसऱ्याला शिरले आणि अमेरिकन सैन्यानं ते तोफांनी पाडलं, आत सुमारे दीडशे माणसं गेली. आई कुंपणाबाहेरून हात जोडून उभी राहिली.

मग तिला हवं होतं ते दिसलं. उत्तरेच्या घराच्या कोपऱ्यावर दोघंजण लिंपत होते. ढकलगाडीत कालवलेला गारा, त्यात काड. एकजण थापीनं चढवत होता, दुसरी मुलगी, विशीतली असेल, ओल्या हातानं सारखं करत होती. फोटोचा प्रश्नच नव्हता. आम्ही लांब उभ्या राहिलो. आईनं विचारायला लावलं: माती किती दिवस मुरवता? मुलीनं हात न थांबवता सांगितलं, तशी घाई असेल तर एक रात्र. आई म्हणाली, "आम्ही तीन. मधे मधे तुडवायची." मी भाषांतर केलं. मुलीनं पहिल्यांदा वळून आईकडे पाहिलं आणि विचारलं, तुमच्याकडेही अशी घरं आहेत? आईनं पलीकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि मराठीतच सांगितलं, "अगदी अशीच जाड भिंत. दुपारी आत गार." ते भाषांतर मुलीला बहुधा लागलं नाही. ती हसली आणि परत कामाला लागली.

ओर्नो म्हणजे घुमटाच्या आकाराच्या मातीच्या भट्ट्या, अंगणाअंगणात. ही स्पॅनिशांची देणगी. आत लाकूड पेटवून भट्टी तापली की निखारे ओढून काढतात आणि पाव आत सरकवतात. एका घरातून पाव आणि सुक्या आलुबुखाराचं सारण भरलेला 'पाय' हा गोड पदार्थ घेतला. पावाची वरची कड कडक, आत लुसलुशीत, धुराचा किंचित वास. ओढ्याच्या कठड्याशी बसून आईनं तो बरोबर आणलेल्या शेंगाचटणीशी खाल्ला.

दिवस ६ : चिमायो, परत अल्बकर्की

डोंगरातल्या रस्त्यानं उतरलो. चिमायोचं छोटं चर्च १८१६ चं. आतल्या एका खोलीत जमिनीत छोटा खड्डा आहे, त्यातली माती लोक प्रसाद म्हणून नेतात. तेवा लोकांच्या दृष्टीनं ही जागा चर्चच्याही आधीपासून पवित्र आहे. आईनं चिमूटभर माती कागदाच्या पुडीत बांधली, अंगाऱ्याची बांधतात तशी.

रात्री अल्बकर्कीच्या हॉटेलातून तिनं मामाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. हवापाणी झालं, माझी चौकशी झाली. मग आईनं विचारलं, "सातातल्या किती तुळया चांगल्या असतील रे?"

मामाला क्षणभर कळेना. "कशाला आक्का?"

"सांग की."

"चार असतील. देवघराकडच्या."

"गढीची माती मिळते का अजून?"

"मिळते. ट्रॅक्टर सांगावा लागंल. पण तुडवायला माणसं कुठायत?"

"मी येते डिसेंबरात. मिरगाच्या आत करायचं. तोवर वरचा कोबा फोडून घे, पण कुदळ नको लावू, छिन्नीनं काढ. तुळयांना धक्का बसता कामा नये."